दमल्यावरची फेरी

शशिकांतचं पत्र आलं तेव्हा दसरा नुकताच होऊन गेला होता. आता संक्रांतीचा तिळगूळही डब्याच्या तळाला लागला, तरी मधुसूदनरावांनी त्याला उत्तर लिहिलं नव्हतं. पत्रं टाळणाऱ्यांतले ते नव्हेत. लखनौच्या मानक नगरातल्या रेल्वेच्या संशोधन संस्थेत त्यांनी उभी नोकरी ग्रंथपाल म्हणून काढली. एखाद्या साहेबानं 'पुस्तक आणखी आठवडाभर ठेवू का' अशी चिठ्ठी पाठवली, तरी उत्तर त्याच दिवशी शिपायाच्या हाती जायचं. पण हे पत्र समोर घेतलं की पेनाचं टोपणसुद्धा निघेना.

पत्र पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, पडल्यापडल्या. ओळी उतरणीला लागलेल्या.

'मधू, फोनवर जरा बोललो की दिवसभर डोकं जड होतं. मोबाइलच्या पडद्याकडे तर बघवतच नाही. म्हणून हा जुना मार्ग. मला तुझंच झालंय. साधा ताप आला, गेला, आणि मागे हे ठेवून गेला. रिपोर्ट सगळे स्वच्छ. डॉक्टर म्हणतात, वयानं होतं. वयानं व्हायचं तर एका आठवड्यात कसं झालं? तुला माझ्याआधी झालं, म्हणून तुलाच विचारतो. गेलेलं बळ परत येतं का रे? तू मैदानावर जायला लागलास का? मी आपला नियम सोडलेला नाही. दोन फेऱ्यांत दमतो, पण तिसरी मारतो. कळव. शशी.'

सांगलीचा हा शशिकांत म्हणजे संस्थेतला मोडतोड खात्याचा माणूस. खात्याचं खरं नाव लांबलचक होतं, पण काम एवढंच: डब्यांच्या स्प्रिंगा, साखळ्या, जोड यंत्रात घालायचे आणि मोडेपर्यंत ताणायचे. 'मोडल्याशिवाय ताकद कळत नाही,' हे त्याचं ब्रीद. मधुसूदनरावांनी आयुष्यात कधी सुटणारी बससुद्धा पळून पकडली नव्हती. अशा माणसाला पंचेचाळिशीत शशिकांतनं दंडाला धरून कॉलनीच्या मैदानावर आणलं. त्याचा नियम एकच. दमेपर्यंत मारायच्या त्या फेऱ्या धरायच्याच नाहीत. दमल्यावर जी मारायची, ती खरी. "आधीच्या सगळ्या म्हणजे मैदानापर्यंतचं रिक्षाभाडं," तो म्हणायचा.

आणि नियम खोटा नव्हता, हीच तर पंचाईत. त्या एकेका ज्यादा फेरीवर दोघांचाही दम वाढत गेला. कॉलनीतून कानपूर रोड, तिथून गोमतीचा काठ, आणि पुढे एका डिसेंबरात सबंध मॅरेथॉन. शेवटच्या टप्प्यात मधुसूदनरावांचे पाय लाकडाचे झाले होते, तेव्हा शेजारून शशिकांत ओरडत होता, "आता सुरू झालं बघ! आता सुरू झालं!" चारचौघांत तोंड न उघडणाऱ्या, घरी पुस्तकात डोकं घालून बसणाऱ्या माणसाला आयुष्यात एवढी एकच गोष्ट अशी मिळाली होती की जिच्याबद्दल त्याला स्वतःविषयी शंका नव्हती. बाकी सगळ्याबद्दल होती.

पुढे शशिकांत निवृत्त होऊन सांगलीला गेला. मधुसूदनरावांनी क्वार्टर सोडलं आणि सरोजिनी नगरात घर घेतलं. मुलगा हवाई दलात, त्याची आज इथे बदली तर उद्या तिथे. म्हणून नात शर्वरी कॉलेजसाठी त्यांच्याकडेच. सगळं जागच्या जागी होतं. मग गेल्या मार्चमध्ये तो ताप आला.

तापाचं काही नाही, आठवड्यात उतरला. पण त्यानंतर अंगातून कुणीतरी वात काढून घेतल्यासारखं झालं. दाढी करताना हात खाली यायचा. एखादा दिवस चांगला जायचा, पुढचे चार पलंगावर. रक्त तपासलं, हृदय तपासलं, फुप्फुसं तपासली. तरुण डॉक्टर कागद उलटून हसला, "अंकल, सब नॉर्मल है. थोड़ा टहला कीजिए, मन बहल जाएगा." मधुसूदनरावांना वाटलं, कागदावर काही नाही, तर मग आपणच काही करत असू. आळस असेल. भित्रेपणा असेल. असल्या शंका घ्यायला त्यांना कुणाच्या मदतीची गरज नसे.

तर असं हे सगळं, आणि त्यात शशिकांतचं पत्र. परत येतं का रे? मधुसूदनरावांनी मनाशी ठरवलं की आधी दहा फेऱ्या मारायच्या, पूर्वीसारख्या, आणि मग लिहायचं, 'येतं.' तोवर काय लिहिणार?

त्या दहा फेऱ्यांच्या नादात दिवाळी गेली, नाताळ गेला. पहाटेचं धुकं जरा विरलं की ते स्वेटर चढवायचे, शेअर टेम्पोनं मानक नगरला जायचे. दोन फेऱ्या चालत, एक धावत. छाती भरून आली की मनात शशिकांत ओरडायचा, आता सुरू झालं! मग आणखी एक. घरी येताना चेहऱ्यावर लाली असायची. दुसरा दिवसही बरा जायचा. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी उशीवरून डोकं उचलायला गेलं की ते उचलायचं नाही.

"पडलात पुन्हा?" त्यांच्या पत्नी सरोजताई चहा उशाशी ठेवत म्हणायच्या. "हवा लागली असेल. नाहीतर कालचं वांगं."

"वांग्यानं काय होतंय?"

"मग कशानं होतंय ते तुम्ही सांगा. मी वांग्यापर्यंत आले, तुम्ही त्याच्या पुढे या."

त्यांना पुढे जाता येत नव्हतं. कधी वाटायचं हवा, कधी झोप, कधी मीठ जास्त. शहाण्या माणसानं हाताशी असलेल्या सगळ्या पुस्तकांत शोधावं, तसं त्यांनी शोधलं. एक पुस्तक म्हणे विश्रांती घ्या, दुसरं म्हणे चालते राहा. उठून बसता आलं की पुन्हा स्वेटर, पुन्हा टेम्पो.

"आजोबा, आप फिर जा रहे हो?" शर्वरी दात घासता घासता विचारायची. मराठी तिला सगळं कळे, पण उत्तर हिंदीतच.

"जरा पाय मोकळे करून येतो."

"पैर तो आपके घर में भी खुले हैं."

जानेवारीत सरोजताईंच्या भाचीचं लग्न ठरलं. आहेराच्या खरेदीला अमीनाबादला जायचं निघालं. मधुसूदनराव तेव्हा नुकतेच पलंगावरून उठले होते, आणि आठवडाभर मैदान बंद असल्यानं घरात पिंजऱ्यातल्यासारखे फिरत होते. ते म्हणाले, मी येतो. पळायचं नाही, काही नाही, दुकानात उभं राहायला काय लागतं?

अमीनाबादच्या त्या गर्दीत तिघं दुपारभर हिंडले. चिकनकारीचे कुर्ते, साड्या, कुणासाठी दुपट्टा. पाचव्या की सहाव्या दुकानात सरोजताईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि दुकानदाराला स्टूल मागितलं.

"अहो, बसा जरा. तोंड बघा कसं उतरलंय."

"कुठे उतरलंय? ते समोरचं दुकान राहिलंय ना अजून?"

"राहू दे. इथंच मिळेल."

"बाबूजी, बैठिए, चाय मँगवाता हूँ," दुकानदार म्हणाला.

"आजोबा, बैठ जाओ ना. हम दोनों देख लेंगे."

"मी काय बसायला आलोय?" मधुसूदनराव म्हणाले, आणि पिशव्याही त्यांनीच उचलल्या. समोरचं दुकान पाहिलं, त्याच्या पुढचं पाहिलं. रिक्षा दारातून मिळत असताना चौकापर्यंत चालतच गेले. तो दिवस छान गेला. दुसऱ्या दिवशी तर त्यांनी स्वतः भाजी आणली आणि वर ऐकवलं, "बघ, काही झालं नाही. ते मैदानाचंच काहीतरी आहे."

तिसऱ्या दिवशी कुकरच्या शिट्टीनं कवटी फुटेलसं झालं. पडदे ओढून घेतले. कंगवा धरवेना.

सरोजताई पायाशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्या स्टुलावर बसला असतात तर?"

"अमीनाबादचा काय संबंध? काल मी ठणठणीत होतो."

"कालचा तुमचा ठणठणीतपणा जाऊ दे. मी त्या दुकानातलं सांगतेय. इतर माणसं दमली की बसतात. तुम्ही दमलात की तुम्हाला चेव येतो. डोळेच बदलतात तुमचे. पिशव्या काय हिसकावून घेतल्यात माझ्या हातातून! म्हटलं, आता हे सामान घेऊन मॅरेथॉन मारतात की काय."

मधुसूदनराव हसले नाहीत. पडदा ओढलेल्या खोलीत त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली. नोव्हेंबरातला तो रविवार, दिवाळीनंतरचा तो दिवस, नाताळच्या सुट्टीतला, आणि आता हे दुकान. मैदान नव्हतं, धावणं नव्हतं, थंडीही फारशी नव्हती. होती ती फक्त दमल्यावरची फेरी. घाव लागतो तेव्हा दुखत नाही, दोन दिवस सोडून दुखतं, म्हणून इतके महिने बोट दुसरीकडेच दाखवलं गेलं. कधी हवेकडे, कधी वांग्याकडे.

आणि लगेच दुसरा विचार आला, तो पहिल्यापेक्षा वाईट होता. सांगलीत शशिकांत तिसरी फेरी मारतोय.

खरं तर तेव्हाच लिहायला हवं होतं. पण ग्रंथपालाला आधाराशिवाय वाक्य लिहायची सवय नसते. हे कुठल्या पुस्तकात आहे? डॉक्टर म्हणाला आहे का? एका माणसाचं अंग, त्यावरून दुसऱ्याला सांगायचं? आणि तेही कुणाला, तर ज्यानं आपल्याला पळायला शिकवलं त्याला? उद्या तो नियमानंच बरा झाला तर? त्यांनी ठरवलं, आधी स्वतःवर ताडून पाहू.

अंगात बळ आल्यावर ते पुन्हा मैदानावर गेले. अर्धी फेरी चालले. मग थोडं धावले, अगदी थोडं, आणि पाय नुकते ऐकायला लागले होते, घाम अजून कपाळावर आला नव्हता, तेवढ्यात वळले.

वाचणाऱ्याला यात काही वाटणार नाही. पण जेवायला बसावं, पहिला वरणभात कालवावा आणि ताटावरून उठावं, तसं ते होतं. सगळं अंग पुढे धावत होतं आणि माणूस फाटकाकडे परत चालला होता. पाठीमागून रणजित आला, संस्थेतला तरुण इंजिनिअर, मूळचा अकोल्याचा. एके काळी या दोघांच्याच मागे धावत त्यानं दम कमावला होता.

"काय काका, एवढ्यात? गाडी यार्डातूनच परत?"

"आज इतकंच."

"यार काका, असं केलं तर स्टॅमिना कसा येणार? दमल्यावरची फेरी, तीच खरी. तुम्हीच शिकवलंत आम्हाला!" आणि तो हात हलवून धुक्यात गेलाही.

मधुसूदनराव फाटकाशी उभे राहिले. मागे वळून आणखी एक मारली तर? कुणाला कळणार आहे? त्यांनी दोनदा पाऊल उचललं, दोनदा खाली ठेवलं. मग समोर आला त्या टेम्पोत चढले आणि घर येईपर्यंत त्यांचा गुडघा शेजारच्या माणसाला लागेल इतका नाचत होता. "चचा, ठंड लग रही है?" त्या माणसानं विचारलं.

तिसऱ्या दिवशी ते उठले. डोकं उशीवरून सहज आलं. त्यांनी विश्वास ठेवला नाही. पुन्हा गेले, पुन्हा वळले, पुन्हा उठले. असं बरेच दिवस चाललं. पडले नाहीत ते, पण वाढलंही काही नाही. अर्धी फेरी ती अर्धीच. घरात मात्र ते कुठे टेकत नव्हते. पेपर घेत, ठेवत. गॅलरीत जात, आत येत. जवळच्या विमानतळावर उतरणारं विमान डोक्यावरून गेलं की दचकून वर बघत.

"त्यापेक्षा आजारी होतात तेच बरं," सरोजताई म्हणाल्या. "एका जागी तरी असायचात. काय चाललंय डोक्यात?"

"शशीला लिहायचंय."

"मग लिहा ना! दसऱ्यापासून लिहायचंय."

"पण मी बरा झालो कुठे? अर्धी फेरी मारतो, असं लिहू?"

सरोजताईंनी कपाळावर हात मारला आणि आत गेल्या.

सोमवारी सकाळी सांगलीहून फोन आला. शशिकांतच्या बायकोचा, विनीतावहिनींचा. दबक्या आवाजात बोलत होत्या.

"भावजी, ते झोपलेत म्हणून करतेय. तुम्ही पत्र टाकलंय का हो?"

"वहिनी, मी लिहिणारच..."

"रोज खाली जाऊन पत्रांची पेटी बघून येतात. मी म्हटलं, अहो, मधुसूदनभावजींना बरं नसेल. तर म्हणतात, छे! उत्तर येत नाही म्हणजे गडी पळायला लागलाय, लिहायला सवड नाही त्याला. हसतात वर. आणि जातात मैदानावर."

"अजून मारतोय तो फेऱ्या?" मधुसूदनरावांनी विचारलं.

"काल तिसरी फेरी मारून आले आणि जिन्यातच बसले. शेजारच्या निनादनं धरून वर आणलं. तरी ऐकत नाहीत. म्हणतात, मधू दहा मारत असणार, मी निदान पाच तरी. येत्या रविवारी पाच मारणार आहेत."

"वहिनी, त्याला म्हणावं मारू नकोस. मी सांगितलंय म्हणावं."

"माझ्या तोंडून? माझ्या तोंडून त्यांनी कधी पथ्याचं ऐकलंय! तुमच्या हातचं हवंय त्यांना. फोन देऊ का उठल्यावर? पण बोलले की मग दिवसभर डोळ्यांवर फडकं बांधून पडतात."

"नको, नको. लिहितो. आजच लिहितो."

फोन ठेवला. इतके महिने त्यांना वाटत होतं, आपण गप्प आहोत म्हणजे निदान चुकीचं काही सांगत नाही. आणि तिकडे शशिकांत ते गप्प राहणंच वाचत होता. त्याच्या जोरावर फेऱ्या मारत होता.

लिहायला बसले. तासाभरानं तीन पानं भरली. सरोजताईंनी चष्मा लावून वाचली.

"'माझ्या अल्प अनुभवावरून, कदाचित असे असू शकेल की...' हे काय आहे? रजेचा अर्ज?"

"मी ठामपणे कसं लिहू? मला तरी कुठे नक्की माहीत आहे?"

"माहीत नाही, तेही ठामपणे लिहा. पण यात त्या माणसानं करायचं काय, ते कुठे आहे? मला तर सापडलं नाही. त्याला तर पेन्सिलसुद्धा धड धरवत नाही, तो ही तीन पानं कशी वाचणार?"

हे मात्र त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. शशिकांतला फार वाचवतही नसणार. त्यांनी तीनही पानं फाडली. नवा कागद घेतला आणि अक्षर मोठं काढलं, लहान मुलाच्या पाटीवर काढतात तेवढं.

'शशी, परत येतं का, ते मला माहीत नाही. माझं अजून आलेलं नाही. मी दहा फेऱ्या मारत नाही. अर्धी मारतो.

दमल्यावरची फेरी मारली की मी तिसऱ्या दिवशी आडवा होतो. दर वेळी. लगेच नाही, तिसऱ्या दिवशी, म्हणून कळायला इतका वेळ लागला. आता दमायच्या आधी वळतो. फार जड जातं. पण पडत नाही.

आपला नियम धडधाकट माणसाचा होता. आपण सध्या तसे नाही. रविवारी पाच मारू नकोस. तीनही नकोस. मैदानापर्यंत जा, आणि जावंसं वाटत असतानाच परत फीर. मोडून बघायला तुझ्याकडे दुसरा नमुना नाही.

याला माझ्याकडे कुठल्याही पुस्तकाचा आधार नाही. मधू.'

दुपारी ते पोस्टात गेले. सरोजताई म्हणाल्या, शर्वरी कॉलेजातून आली की टाकेल, पण त्यांनी ऐकलं नाही. पोस्ट घरापासून लांब नव्हतं, तरी निम्म्या वाटेवर पिंपळाच्या पारावर ते मुद्दाम बसले. दमले नव्हते. बसल्या जागी चप्पल आपटत होते, पाकीट खिशातून काढून पत्ता पुन्हा वाचत होते. पुढे जावंसं फारच वाटायला लागलं, तेव्हा आणखी थोडं बसले, मग उठले.

खिडकीवर रांग होती. पुढच्या बाईचं पार्सल तोललं जाईपर्यंत त्यांच्या मनात सगळी वाक्यं उलटसुलट झाली. 'दर वेळी' लिहिलं, ते खरंच दर वेळी होतं का? 'आपण तसे नाही' हे लागेल का त्याला? निदान एक 'बहुधा' तरी घालायला हवा होता. पाकीट चिकटवलेलं होतं, पण कडेला नख घातलं तर निघालं असतं.

"हाँ बाबूजी?" खिडकीतली मुलगी म्हणाली.

"स्पीड पोस्ट. सांगली, महाराष्ट्र. रविवार से पहले पहुँच जाएगा?"

"पहुँचना तो चाहिए. क्या है इसमें?"

"चिट्ठी है."

"बस चिट्ठी?" तिनं पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. "दीजिए."

पाकीट तिच्या हातात होतं, त्याचं दुसरं टोक अजून त्यांच्या.

"बाबूजी, छोड़िए तो."

त्यांनी सोडलं. तिनं वजन केलं, पट्टी चिकटवली, आणि न बघताच पाकीट मागच्या गोणीत टाकलं.